चौथ्या माणसाचं तिकीट

तिकीट काढावं तर मी. हे मी स्वतःच्याच तोंडानं सांगते, कारण आमच्या घरातली माणसं माझं कौतुक करायला तोंड उघडत नाहीत. आष्ट्याच्या स्टँडवर इस्लामपूरची गाडी लागली की अर्धं गाव दाराला लोंबकळतं. तोवर मी मागच्या खिडकीतून पिशवी आत टाकून, कंडक्टरला नावानं हाक मारून, पुढच्या बाकावर जाऊन बसलेली असते. शहात्तर वर्षांची आहे मी. एसटी मला फुकट. आधार कार्ड पोलक्यात असतं, ते काढायला गेले की कंडक्टरच म्हणतो, "राहू द्या साळूआजी, वळखतो की." त्यामुळे माझा नातू जयराज जर्मनीतून फोनवर म्हणाला, "आजी, हितं तिकीट काढणं लय अवघड असतंय," तेव्हा मी हसले. म्हटलं, "तुमाला अवघड. तुमी शिकलेली माणसं."

मला दुसरीतून काढलं, म्हशी राखायला. पण माझं कुठं काही अडलं नाही.

जयराज कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकून तिकडं गेला आणि तीन वर्षांत एक पोरगी पसंत करून बसला. योहाना नाव तिचं. फोनवर बघितली होती मी, दात सरळ होते. पण माझा लेक बाळासो पडला मिलिटरीतून आलेला सुभेदार. तो म्हणाला, ही सोयरीक होणार नाही. त्यानं कराडच्या एका व्यापाऱ्याची मुलगी बघून ठेवली होती. मग मी त्याच्याशी बोलणं टाकलं. अठरा दिवस. एकोणिसाव्या दिवशी सुभेदार वाकला, पण वाकतानाही अट घालून वाकला.

"आय, एकदा जाऊन त्येंची माणसं बघू. तिथं जरा जरी इस्कटलं, तर मी तिथनंच कराडला फोन करणार. मग जयराजचं काय एक ऐकायचं न्हाई. तुजंबी न्हाई."

मी हो म्हटलं. ह्या लग्नासाठी मी एवढी का हटून बसले होते, ते मात्र मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

सून लीला आमच्याबरोबर आली नाही. म्हैस नुकती व्याली होती, आणि ती लीलाशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नाही. म्हणजे जर्मनीत जाऊन पोरीच्या घरी जाणारे आम्ही उरलो तिघं. मी, बाळासो आणि जयराज. आणि सोयरीक बघायला तिघांनी जायचं नसतं, हे आमच्याकडं शेंबडं पोरगंही सांगेल. नाइलाजानं तिघंच निघाले, तर चौथा माणूस म्हणून एक सुपारी बरोबर घ्यायची. ती मी घरूनच पदराच्या गाठीत बांधून आणली होती. विमानतळावर दोन पोलीस आणि एक कुत्रं ती हुंगून गेले.

पोरीचं गाव आगगाडीनं दीड तासावर. जेवायला बाराला बोलावलं होतं. "बारा म्हंजे बारा," जयराजनं चार वेळा बजावलं. "तिचा बाप दाराशी घड्याळ बघत उभा असतोय."

आम्ही दहाच्या आधी स्टेशनवर आलो. नोव्हेंबर महिना, आणि धुकं असं, की आपलाच हात पुढं केला तर तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटावा. स्टेशन म्हणजे नुसता लांब ओटा. मास्तर नाही, हमाल नाही, चहाचा गाडा नाही. कुत्रंसुद्धा नाही. कुत्रं नसलेलं स्टेशन मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. ओट्याच्या टोकाला दाराएवढं एक मशीन उभं होतं, तोंडावर निळा उजेड घेऊन. आम्ही जवळ गेलो तसा तो उजेड आपोआप वाढला.

"हे तिकीट देतंय?" मी विचारलं.

"व्हय आजी."

"आत कोण बसलंय?"

"कोण न्हाई."

"मग उजेड कुणी वाढवला?"

बाळासोनं मफलर वर ओढला.

मशीनला बटणं नव्हती. काचेवर बोट ठेवलं की चित्र बदलायचं. एका चित्रात ओळीनं माणसं उभी होती, काळी, नाकडोळे नसलेली. किती जणांचं तिकीट, ते त्या माणसांवर बोट ठेवून सांगायचं. जयराजनं तिघांवर ठेवलं. मी त्याचा हात धरला.

"चार."

"आजी, सुपारीला तिकीट लागत न्हाई."

"आपल्या मुलखात लागत न्हाई. हितं तिला कोण वळखतंय? आज सोयरिकीला निघालोय, आणि चौथं माणूस बिनतिकिटाचं न्यायचं?"

"आय, पोरगं बरोबर बोलतंय," बाळासो म्हणाला.

"तुला इचारलं?"

लांबून धुक्यात गाडीचा उजेड दिसला. जयराजनं घाबरून चौथ्या काळ्या माणसावर बोट ठेवलं. मशीननं आतल्या आत कण्हल्यासारखं केलं आणि एक कागद बाहेर टाकला. मला वाटलं, झालं. तर जयराज खिशातून पेन काढायला लागला. तिथली रीत अशी, की दिवसभराचं तिकीट एकाच कागदावर मिळतं, आणि त्यावर प्रत्येकाचं नाव आपल्या हातानं लिहायचं. नाव नसलं तर तिकीट खोटं.

त्यानं तिघांची नावं लिहिली आणि माझ्याकडं बघितलं. "चौथं काय लिहू? सुपारी?"

"सुपारी हे काय माणसाचं नाव हाय? हरणाबाई लिव्ह."

माझ्या तोंडून ते नाव कसं निघालं, देव जाणे. हरणाबाई म्हणजे माझी सासू. तिला जाऊन तीस वर्षं झाली. घरातली एकही सोयरीक तिच्याशिवाय ठरली नाही, ट्रकनं गेलो तरी ड्रायव्हरशेजारी तीच बसायची. सुनेनं सासूचं नाव घ्यायचं नाही म्हणून मी ते उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. आणि घेतलं कुठं, तर त्या धुक्यात, त्या मशीनपुढं. बाळासोनं चमकून माझ्याकडं बघितलं. जयराजनं लिहूनही टाकलं.

गाडी आली तीही मुक्यानं. दारं आपोआप उघडली, आम्ही चढलो, दारं आपोआप मिटली. डब्यात आमच्याशिवाय कुणी नाही. समोरासमोर चार खुर्च्या होत्या. तिघं बसलो. माझ्या समोरची चौथी रिकामी राहिली. खिडकीबाहेर नुसतं पांढरं, त्यातून मधेच एखादं झाड पुढं यायचं आणि मागं सरायचं.

थोड्या वेळानं टीसी आली. बाई होती. उंच, फिक्कट, न हसणारी. तिनं कागद वाचला, आम्हाला मोजलं. पुन्हा वाचला, पुन्हा मोजलं. मग रिकाम्या खुर्चीकडं बोट करून काहीतरी विचारलं.

"काय म्हणती?" मी म्हटलं.

"चौथी बाई कुठं हाय म्हणती."

"मग सांग की सुपारीचं."

"आजी, माझं जर्मन नटबोल्टापुरतं हाय. सुपारी कशी सांगू?"

त्यानं काहीतरी सांगितलं. ती हरणाबाई इथं नाही, एवढंच सांगितलं म्हणे. त्यावर टीसी बाई आणखी जवळ आली. आमच्याबरोबर होती का? मागच्या स्टेशनवर राहिली का? वय काय?

"आजी, पणजीचं वय किती?"

"आसती तर शंभर."

मेलेल्या बाईच्या नावानं आपण तिकीट काढलंय, हे सांगायचं धाडस काही जयराजला झालं नाही. तो नुसतं "शंभर" म्हणाला. टीसी बाईचा उरलासुरला रंगही गेला. शंभर वर्षांची म्हातारी, असल्या धुक्यात, रानातल्या स्टेशनवर एकटी! तिनं कमरेचा फोन काढला आणि भराभरा बोलायला लागली. सुभेदारानं कपाळाला हात लावला.

पुढच्याच स्टेशनवर गाडी थांबली ती थांबलीच. तिथं तर ओटाही धड दिसत नव्हता, दोन्ही बाजूंना काळी झाडं नुसती. दारं उघडली आणि धुकं आत आलं, माझ्या गुडघ्यापर्यंत. घड्याळात अकराला दहा कमी होती. बाळासो घड्याळाकडं बघून म्हणाला, "आय, इस्कटलं."

तेवढ्यात डब्याच्या छतातून आवाज आला. आणि बाहेरच्या खांबावरनंही, तोच आवाज, अर्धा क्षण मागून.

"फ्राऊ हार्नाऽबाऽय."

ज्या नावाला आमच्या गावात लोक चपला काढून उभे राहायचे, ते नाव परक्या मुलखातलं भिंताड हाका मारून बोलत होतं. दुसरी हाक झाली. मी जयराजला म्हटलं, "त्येला म्हणावं, तिसरी मारू नको. मेलेल्या माणसाला तीनदा हाक मारत न्हाईत."

"कुणाला म्हणू आजी? हितं कोण हाय?"

तिसरी हाक झाली. मग सगळं गार पडलं. आणि मागच्या बाजूनं, ओट्यावरून, काठीचा आवाज यायला लागला. ठक. ठक. ठक.

धुक्यात आधी लाल दिवा दिसला. हातभर उंचीवर, हलत हलत येणारा. मग काठी. मग डोक्याला पांढरं फडकं बांधलेली, काळ्या झग्यातली एक म्हातारी आमच्या दारातून आत चढली. टीसी बाईनं तिला काहीतरी विचारलं. म्हातारीनं टीसीकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं, आणि मान हलवली. होय.

टीसी बाईनं छातीवर हात ठेवून श्वास सोडला. म्हातारीला दंडाला धरून आणलं आणि माझ्या समोरच्या खुर्चीत बसवलं. कागदावर ठसा मारला. चार माणसं, चार नावं. दारं मिटली, गाडी निघाली.

म्हातारीनं तो लाल काचेचा दिवा मांडीवर घेतला. आत खरी ज्योत होती. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, सावकाश, आणि मग एक बोट माझ्या पायाकडं केलं. जयराजनं मला बूट घातले होते, त्याची नाडी सुटली होती. सासूही अशीच करायची. तोंडानं बोलायची नाही, हसायची तर नाहीच, जिथं चुकलंय तिथं बोट करायची.

मी पदराची गाठ चाचपली. गाठ रिकामी होती. सुपारी गेली होती.

मग मात्र माझा धीर सुटला. मी खुर्चीतून खाली वाकले आणि त्या म्हातारीच्या बुटांवर डोकं ठेवलं.

"आत्याबाई, चुकलं माझं. सात महिन्यांची पोटुशी हुते तवा बरणीतलं तूप मीच खाल्लं हुतं. मांजराला तुमी उगंच हाणलं."

"आय, उठ," बाळासो म्हणाला.

"तू गप बस. आत्याबाई, तुमची चांदीची वाळी चोरीला न्हाई गेली. मी माज्या बहिणीला दिली, तिच्या घरात खायला नव्हतं. आणि..."

तिसरं सांगायचं नव्हतं मला. तीस वर्षं सांगितलं नव्हतं. पण ती वर बसून माझ्याकडं बघत होती, लाल उजेड तिच्या हनुवटीवर पडला होता, आणि माझं तोंड माझ्या ताब्यात राहिलं नव्हतं.

"आणि जाताना तुमी जे बोललात, ते मी भाईर सांगितलं न्हाई. तुमी म्हणलात, साळू, बाळाच्या मनात एक पोरगी हाय, त्येला त्येच्या मनासारखं करू द्या. खोलीत मी एकटीच हुते. मी भाईर येऊन म्हणलं, म्हातारीचं बोलणं काय समजलं न्हाई. मी लीलाचं आदीच ठरवून आले हुते, आत्याबाई. शब्द दिला हुता. आता नातवाच्या मनासारखं करून देतीया. आता तरी जावा."

बाळासो खिडकीबाहेर बघत होता, जिथं बघण्यासारखं काही नव्हतं.

म्हातारीनं पिशवीत हात घातला आणि काहीतरी माझ्या तळहातावर ठेवलं. पांढरं, गोल, गार. मेलेल्या माणसानं दिलेलं खायचं नसतं. मी हात तसाच उघडा धरून बसले.

"आय," बाळासो खिडकीकडंच तोंड करून म्हणाला, "पेपरमिंट हाय."

पोरीचं गाव आलं. म्हातारी उठली आणि आमच्या आधी उतरली. बाळासोनं माझ्या बुटाजवळून वाकून काहीतरी उचललं आणि माझ्या हातात दिलं. सुपारी. "ही खाली पडली हुती. म्हातारी हेच दाखवत हुती तुला."

"मग तसं आदी सांगायचं न्हाईस?"

"तू बोलू देतीस व्हय."

गाडीतून उतरलो तर आमच्या पुढं तो लाल दिवा चाललेला. जयराज हातातल्या फोनवर रस्ता बघत होता. डावीकडं वळायचं, तर दिवा आधीच डावीकडं वळलेला. पूल लागला, दिवा पुलावर. चर्च लागलं, दिवा चर्चच्या मागं. शेवटच्या वळणावर तो धुक्यात शिरला आणि दिसेनासा झाला. जयराजनं चालायचा वेग वाढवला. मी आणि बाळासो मागं राहिलो.

बरंच अंतर गेल्यावर बाळासो म्हणाला, "आय, मनासारखं कर म्हणून आजीनं मला आदीच सांगितलं हुतं. तुला सांगायच्या आठ दिवस आदी. मी रजेवर आलो हुतो तवा."

मी रस्त्यात थांबले. "मग तू बोलला का न्हाईस?"

"तवर तू मला लीला बघायला न्हेऊन आणलं हुतंस. बघितली, आणि पहिली इसरून गेलो. आजीला म्हणलं, आता कुणाला काय सांगू नको. तर ती तुला सांगून गेली."

तीस वर्षं! तीस वर्षं मी दर सोमवारी उपास केला त्या पापाचा. आणि हा सुभेदार दर सोमवारी माझ्यासमोर बसून भाकरी, वांगं खात होता.

"एवढं पण बोलता आलं न्हाई व्हय रं तुला?"

"तू अठरा दिवस बोलत न्हाईस तवा लय बरं वाटतं," तो म्हणाला. "पण जयराजचं करून टाकू."

योहानाच्या दारात पोचलो तेव्हा बाराला तीन मिनिटं कमी होती. मी पदर सारखा केला. दार उघडलं. दारात तीच म्हातारी. डोक्यावर पांढरं फडकं, आता हातात दिवा नव्हता.

मी पायरीवरच बसले. आतून योहाना धावत आली, तिनं मला उठवलं, आणि म्हातारीच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "ओमा." म्हणजे आजी. तिची आजी. बापाची आई. जिवंत, तिथलीच, दोन्ही पाय जमिनीवर. मला रडायला येईल की हसायला, ते कळेना. तेवढ्यात सगळ्यांच्या पाठीमागून ओमानं ओठांवर बोट ठेवलं.

जेवायच्या आधी तिनं मला आणि जयराजला स्वयंपाकघरात ओढून नेलं, दार लावलं आणि खालच्या आवाजात, जयराजला कळेल असं सावकाश, सगळं सांगितलं. गाडीनं अलीकडच्या एका गावी नवऱ्याच्या थडग्यावर दिवा लावायला गेली होती. त्यांच्यात ह्या महिन्यात लावतात. तिथं नवा लावला आणि जळत असलेला जुना घरी घेऊन निघाली. लेकानं एकटीनं हिंडायचं नाही असं बजावलंय, म्हणून चोरून गेली. पैशाचं पाकीट घरीच राहिलं. येताना बिनतिकिटाची गाडीत बसली, शेवटच्या डब्यात लपून. मग टीसीनं विचारलं, ती हरवलेली बाई तूच का? म्हटलं, हो.

मी जयराजला म्हटलं, "तिला सांग, माज्या तोंडातनं एक शबुद जाणार न्हाई. पण पोराकडं जरा बघा म्हणावं."

ओमानं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं. जयराजला काही भाषांतर करावं लागलं नाही.

जेवताना योहानाचा बाप सरळ बसून एकेक प्रश्न विचारत होता. इतक्या लांब पोरगी कशी राहणार, ऊस म्हणजे नेमकं काय, घरात शेवटचा शब्द कुणाचा. जयराज घामानं भिजला. तेव्हा ओमानं काटा ताटात ठेवला आणि एकच वाक्य बोलली. बाप मान खाली घालून बटाटे खायला लागला. बाळासो माझ्या कानाशी म्हणाला, "आय, हितं बी तसंच हाय." लग्न वैशाखात ठरलं. कराडला फोन गेला नाही.

निघताना ओमा दारात एकटी सापडली, तेव्हा सहज म्हणून मी जयराजला तिला विचारायला लावलं. ती शेवटच्या डब्यात लपली होती, तर मग उतरून काठी टेकत पुढं आमच्या डब्याशी कशाला आली?

ओमानं सांगितलं, जयराज ऐकत गेला, आणि मला सांगता सांगता त्याचा आवाज बारीक झाला.

"आजी, ती म्हणती, मी आपणहून न्हाई आले. समोर दुसरी म्हातारी बसली हुती, तिनं पाठवलं. भाषा कळत नव्हती म्हणे. तुमच्यासारखंच डोईवरनं कापड घेतलेलं. गाडी थांबली तशी तिनं हातानं खुणावलं, पुढं जा, तिथं तुजी जागा हाय."

बाळासोनं मफलर सोडला होता, तो पुन्हा बांधला. माझ्याशिवाय त्या गाडीत लुगड्यातली बाई नव्हती, हे सांगायची गरज नव्हती.

मी देवाचं नाव घेतलं आणि जयराजला म्हटलं, "एवढंच इचार. ती रागात हुती का?"

त्यानं विचारलं. ओमा म्हणाली, छे, ती तर हसत होती, सारखी, तोंडाला पदर लावून.

तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, मग ती आमची सासू नव्हे. दुसरंच कुणीतरी मेलेलं असेल.